कुरूप पिल्लाचा बाप

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी एक स्थळ आलं होतं. स्थळ अर्थातच ताईसाठी. मुलगा चांगला, घर चांगलं, पत्रिकाही जुळत होती. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या आईने ताईला नोकरीचं, स्वयंपाकाचं विचारून झालं. आठ दिवसांनी बाबांच्या मोबाइलवर निरोप आला, की मुलगी बाकी सगळ्या बाबतींत पसंत आहे, फक्त रंग जरा उजळ हवा होता. बाबांनी मोबाइल पालथा करून टेबलावर ठेवला. आई काही न बोलता आत गेली. हे तिसरं स्थळ होतं.

मी तेव्हा सुट्टीला घरी होतो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी ताईला तळ्यातल्या बदकांच्या गाण्याची आठवण करून दिली. गदिमांनी लिहिलेलं आणि आशाबाईंनी गायलेलं ते गाणं लहानपणी ताईच मला झोपवताना म्हणायची. मी म्हटलं, बघशील, एक दिवस तूही राजहंस होशील. ताई हसली, आणि तिने मला एकच प्रश्न विचारला. ते पिल्लू मुळातच राजहंसाचं होतं म्हणून त्याचं निभावलं. ते खरोखर बदकाचंच असतं, आणि शेवटपर्यंत तसंच दिसलं असतं, तर गोष्टीत त्याचं पुढे काय झालं असतं?

ओरलला एक्स्टर्नलने आडवा प्रश्न टाकल्यावर होतो तसा माझा चेहरा झाला. उत्तर नव्हतंच. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी कॉलेज सुरू झाल्यावर लायब्ररीत जाऊन मी त्या गोष्टीचा मूळ लेखकच गाठला. हॅन्स ख्रिश्चन अँडरसन! त्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात, कधी कधी त्याचं नावही माहीत नसताना. त्याचं आयुष्य मात्र मी पहिल्यांदाच वाचलं, आणि ताईचा प्रश्न त्या माणसाला आयुष्यभर पडलेला होता असं माझ्या लक्षात आलं.

अँडरसनचा जन्म 2 एप्रिल 1805 चा, डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावातला. वडील जोडे शिवायचे, आई लोकांचे कपडे नदीवर धुवायची. घर कसलं, एक खोली! पण वडिलांना वाचनाचा नाद. ते पोराला अरबी सुरस कथा वाचून दाखवायचे. त्यांनी त्याला एक छोटं बाहुल्यांचं थिएटर करून दिलं होतं. पोरगा तासन् तास बाहुल्यांचे कपडे शिवत बसायचा. पुढे वडील नेपोलियनच्या लढायांच्या काळात सैन्यात गेले, खचून परत आले आणि 1816 मध्ये वारले. पोरगा तेव्हा अकरा वर्षांचा होता.

दिसायला म्हणाल तर हा मुलगा उंचच उंच आणि काटकुळा, नाक मोठं, डोळे बारीक, हातपाय अंगाला न शोभतील एवढे मोठे. आवाज मात्र गोड. एका कापड गिरणीत त्याला कामाला लावलं, तर तिथल्या कामगारांनी त्या नाजूक आवाजावरून, ही मुलगीच आहे, अशी त्याची टिंगल केली. तो रडत घरी आला. आईने त्याला परत तिथे पाठवलं नाही.

1819 च्या सप्टेंबरमध्ये चौदा वर्षांचा हा पोरगा चार पैसे गाठीला बांधून एकटाच कोपनहेगनला निघाला. नाटकात काम करायचं, नाव कमवायचं, बास. तिथे तो एका नामांकित नर्तकीच्या दारात जाऊन उभा राहिला. तिच्यापुढे त्याने कोणती भूमिका करून दाखवावी? सिंड्रेलाची! नाचायला अडचण नको म्हणून त्याने बूट काढून ठेवले, हातातली टोपी डफासारखी बडवत गाऊ-नाचू लागला. त्या बाईंना वाटलं पोरगं वेडं आहे. नाटक कंपनीच्या प्रमुखांनीही, रंगभूमीसाठी तू फारच हडकुळा आहेस, असं सांगून त्याला वाटेला लावलं.

मला हा प्रसंग वाचून आधी हसू आलं आणि मग नाही आलं. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, भले मोठे पाय, आणि तो बूट काढून सिंड्रेला होतोय! सिंड्रेलाची गोष्ट पेरोने 1697 मध्ये छापली, तिच्यात काचेचा बूट आहे. आम्हा मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर तो बूट म्हणजे गो-नो गो गेज आहे. पाय आत गेला तर पास, नाही गेला तर रिजेक्ट. पाय कोणाचा, ती बाई कशी, मनात काय, याच्याशी गेजला कर्तव्य नाही. जुन्या परीकथांचा बराचसा कारभार असाच चालतो. जी सुंदर ती चांगली, जी कुरूप ती सावत्र बहीण नाही तर चेटकीण. स्नो व्हाइटच्या गोष्टीत तर आरसाच रोज रँकिंग जाहीर करतो. राजपुत्र काचेच्या पेटीतल्या निपचित मुलीवर भाळतो, तिच्याशी एक शब्दही बोललेला नसताना. प्रेम म्हणजे दिसणं, आणि दिसणं म्हणजे गुण, असा सगळा सरळ हिशोब. अँडरसन या गोष्टी ऐकत मोठा झाला, आणि त्या गेजमध्ये आपण बसत नाही हेही त्याला फार लवकर कळलं.

कोपनहेगनमध्ये त्याचा आवाज फुटला. गाणं गेलं, नाच जमेना, लिहिलेली नाटकं साभार परत. पण थिएटरच्या व्यवस्थापनातल्या योनास कोलीन नावाच्या मोठ्या अधिकाऱ्याला त्याच्यात काहीतरी दिसलं. त्यांनी राजाच्या निधीतून त्याच्या शिक्षणाची सोय केली. 1822 मध्ये सतरा वर्षांचा हा दांडगा मुलगा अकरा-बारा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसला. केटी लागून ज्युनिअरच्या वर्गात बसताना आपल्याला काय होतं, ते आठवून बघा! त्यात हेडमास्तर मायस्लिंग त्याचा येता-जाता अपमान करायचे. म्हातारपणीसुद्धा ते हेडमास्तर त्याच्या स्वप्नात येत. असो. रडतखडत का होईना, 1828 मध्ये तो परीक्षा पास झाला.

आता प्रेमाची गोष्ट. म्हणजे गोष्टी. कारण त्या तीन-चार आहेत आणि सगळ्यांचा शेवट एकच आहे.

1830 मध्ये एका वर्गमित्राच्या घरी त्याला मित्राची बहीण रीबोर्ग भेटली. हा पार वेडा झाला. पण तिचं लग्न आधीच ठरलेलं होतं, आणि पुढच्या वर्षी ते झालं. तिने त्याला लिहिलेलं एक पत्र तेवढं त्याच्याकडे राहिलं.

दुसरी गोष्ट योनास कोलीन यांच्या मुलाची, एडवर्डची. अँडरसन त्या घरात घरच्यासारखा वावरायचा. डॅनिशमध्ये आपल्यासारखंच अरे-तुरे आणि अहो-जाहो असं दोन्ही आहे. 1831 मध्ये अँडरसनने एडवर्डला पत्र लिहून विनंती केली, की आपण आता एकमेकांना अरे-तुरे करू या. एडवर्डने सभ्य शब्दांत नकार दिला. मित्रा, तू आपला अहो-जाहोतच राहा! एवढीशी गोष्ट, पण अँडरसनला ती जन्मभर सलली. त्याने एडवर्डला लिहिलेली पत्रं एखाद्या प्रियकराने लिहावीत अशी आहेत. आपण त्या भावनेला प्रतिसाद देऊ शकलो नाही आणि त्याचा अँडरसनला फार त्रास झाला, असं पुढे एडवर्डनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. 1836 मध्ये एडवर्डचं लग्न झालं. 1837 च्या एप्रिलमध्ये अँडरसनची छोट्या जलपरीची गोष्ट छापून आली.

1989 च्या सिनेमात जलपरीचं राजपुत्राशी लग्न होतं. मूळ गोष्टीत होत नाही. ती अतिशय सुंदर आहे, पण पाय मिळवण्यासाठी तिने जीभ कापून दिली आहे. टाकलेलं प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं दुखतं. राजपुत्राला ती आवडते, पण लाडक्या लहान मुलीसारखी. त्याच्या खोलीच्या दाराशी उशीवर झोपायची तिला परवानगी असते! त्याला बुडताना आपणच वाचवलं हे ती सांगू शकत नाही, आणि तो दुसरीशी लग्न करतो. तिला वाचवायला बहिणी स्वतःचे केस देऊन सुरी आणतात. राजपुत्राला मारलंस तर तू जगशील, असं सांगतात. ती सुरी समुद्रात फेकून देते. म्हणजे जुन्या परीकथेचा हिशोब अँडरसनने इथे पहिल्यांदा मोडला. सौंदर्य आहे, प्रेम आहे, त्यागही आहे, आणि तरीही होकार नाही.

आणि मग आलं 1843 साल. त्या वर्षी स्वीडनची गायिका जेनी लिंड कोपनहेगनला गायला आली. दिसायला साधी, पण गाऊ लागली की सभागृह स्तब्ध. अँडरसन पुन्हा प्रेमात. तिने त्याला भाऊ मानलं. राखी बांधून मोकळं होणं हे काही फक्त आपल्याकडेच नाही तर! दोन वर्षांनी बर्लिनमध्ये ती होती म्हणून हाही तिथे होता. नाताळच्या संध्याकाळी तिचं बोलावणं येईल म्हणून त्याने दुसरी आमंत्रणं नाकारली, आणि ती संध्याकाळ एकट्याने खोलीत काढली.

त्याच 1843 मध्ये, तेरा वर्षांनी, त्याची रीबोर्गशीही पुन्हा गाठ पडली. ती आता संसारी बाई झाली होती. त्या नोव्हेंबरमध्ये त्याचं एक छोटं पुस्तक बाजारात आलं. त्यात चारच गोष्टी होत्या. त्यातल्या तीन मला एकाच प्रश्नाची तीन उत्तरं वाटतात. तो प्रश्न म्हणजे ताईचा प्रश्न.

पहिलं उत्तर कुरूप पिल्लाचं. सोसत राहा, शेवटी तूच सगळ्यांत सुंदर ठरशील. ही आपलीच कहाणी आहे असं अँडरसन म्हणायचा. पण ताईचं बरोबर आहे. या गोष्टीत गेज तोच राहतो, फक्त पिल्लू त्यात बसायला लागतं.

दुसरी गोष्ट भोवरा आणि चेंडूबाईची. भोवरा चेंडूबाईला मागणी घालतो. ती उंची चामड्याची, नखरेल. भोवऱ्याला हिंग लावून विचारत नाही. एके दिवशी उंच उडालेली चेंडूबाई हरवते. वर्षं जातात. भोवरा तिच्या आठवणीत झुरतो, पुढे त्याला सोनेरी मुलामाही चढतो. मग एक दिवस तो उडून कचऱ्यात पडतो, तर तिथे चेंडूबाई! पाच वर्षं पन्हळीत पडून भिजून फुगलेली, सडक्या सफरचंदासारखी झालेली. भोवऱ्याला कोणीतरी उचलून घरात नेतं. तो पुन्हा तिचं नाव काढत नाही. संपलं प्रेम.

ही गोष्ट रीबोर्गच्या भेटीवरून सुचली असं मानतात. मला मात्र ती वाचताना धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. दिसण्यावरून ज्याला जन्मभर नाकारलं, त्याच माणसाने हे लिहिलं आहे. स्वतःवर मुलामा चढताच त्याने तोच गेज उचलून दुसऱ्याला लावला.

आणि इथे मला माझं एक सांगितलंच पाहिजे. ताईच्या नकारानंतर चार दिवस मी त्या मुलाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. पाचव्या दिवशी कॉलेजला आलो, कट्ट्यावर बसलो, आणि समोरून जाणाऱ्या मुलींना दहापैकी मार्क देण्याचा आमचा नेहमीचा उद्योग चालू होता त्यात सामील झालो. मला काहीही विचित्र वाटलं नाही. त्या दिवशी मी एका मुलीला चार दिले होते. तीही कोणाची तरी ताई असेल, हे माझ्या डोक्यात आलं ते भोवऱ्याची गोष्ट वाचल्यावर.

तिसरं उत्तर बुलबुलाचं. म्हणजे आपला बुलबुल नव्हे, रात्री गाणारा युरोपातला नाइटिंगेल. चीनच्या बादशहाच्या बागेतला हा पक्षी दिसायला अगदीच साधा, करडा. पण त्याचं गाणं ऐकून बादशहाच्या डोळ्यांत पाणी येतं. मग भेट म्हणून एक यांत्रिक पक्षी येतो. हिरे-माणकं-नीलम जडवलेला, किल्ली दिली की न चुकता एकच चाल वाजवणारा. दरबार खूष, खरा पक्षी बाहेर! एके दिवशी आतली स्प्रिंग तुटते, चाकं गरगर फिरतात आणि पक्षी बंद. घड्याळजी कसाबसा दुरुस्त करतो, पण दाते झिजलेत, आता वर्षातून एकदाच वाजवा म्हणतो. झीज आणि मेंटेनन्सवर इतकी छान गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही! पुढे बादशहा मरणाला टेकतो तेव्हा यांत्रिक पक्ष्याला किल्ली द्यायला कोणी नसतं. खरा पक्षी आपणहून खिडकीत येऊन गातो, आणि मृत्यू निघून जातो. शेवटी तो पक्षी राजहंस होत नाही, मोर होत नाही. करडाच राहतो. ही गोष्ट जेनी लिंडच्या गाण्यावरून सुचली होती.

मला वाटलं, सापडलं उत्तर! मी रात्री होस्टेलवरून ताईला फोन करून तिन्ही गोष्टी सांगितल्या. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला तर गाताही येत नाही, मग माझं काय? म्हणजे उजळ रंग नसेल तर निदान गोड गळा तरी पाहिजेच का? पुन्हा माझी विकेट गेली.

अँडरसनला तर गाताही येत होतं, म्हणजे त्याच्या पद्धतीने. राजेरजवाडे त्याच्याकडून गोष्टी ऐकायचे. गोष्ट सांगता सांगता तो मोठी कात्री घेऊन कागद कापायचा, आणि त्या अवजड हातांतून परी, राजवाडे, नर्तकी अशी नाजूक कातरकामं निघायची. 6 डिसेंबर 1867 ला ओडेन्सने त्याला मानद नागरिक केलं. त्याच्यासाठी सगळं गाव दिव्यांनी उजळलं. लहानपणी एका भविष्य सांगणाऱ्या बाईने त्याच्या आईला हेच सांगितलं होतं म्हणे. आणि त्या दिवशी या उत्सवमूर्तीची दाढ ठणकत होती! त्याने लग्न केलं नाही. हातातून निसटलेल्यांच्या आठवणी त्याने शेवटपर्यंत जपल्या. त्याला फोटो काढून घ्यायचा भारी शौक होता. त्या काळात त्याचे दीडशेहून जास्त फोटो निघाले. स्वतःला कुरूप समजणारा माणूस पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यापुढे जाऊन बसतो. मला वाटतं, एखाद्या फोटोत तरी राजहंस दिसेल या आशेने.

4 ऑगस्ट 1875 ला, सत्तराव्या वर्षी, कोपनहेगनजवळ एका स्नेही कुटुंबाच्या घरी तो वारला. त्याच्या गळ्यात एक चामड्याची छोटी पिशवी होती. तिच्यात रीबोर्गचं पत्र निघालं. पुढे एडवर्ड आणि त्याच्या पत्नीला अँडरसनच्या शेजारीच पुरलं होतं, पण नंतर कोलीन कुटुंबीयांनी त्या दोघांना तिथून हलवलं. आज त्या जागी अँडरसन एकटाच आहे.

हे वाचून मी बराच वेळ लायब्ररीत नुसता बसून होतो. जगभरच्या पोरांना झोपवणारा हा माणूस, ताईच्या प्रश्नाचं पुरं उत्तर त्यालाही सापडलं नाही. पण उत्तर कुठे शोधायचं ते त्याच्या गोष्टीतच आहे असं आता मला वाटतं. आपण सगळे पिल्लाचं काय झालं ते बघतो. तळ्यावरच्या बाकीच्या बदकांचं काय झालं, ते कोणी विचारत नाही. ती तशीच राहिली. पुढच्या वर्षी दुसरं पिल्लू आलं असेल, त्यालाही त्यांनी टोचलंच असेल. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला सर पहिल्याच दिवशी सांगतात, की सगळेच जॉब रिजेक्ट होत असतील तर आधी गेज तपासा. ते आम्ही जर्नलमध्ये लिहितो, पण कट्ट्यावर विसरतो.

मी काही फार मोठं काम केलेलं नाही. मार्क देणं बंद केलं, एवढंच. मित्रांनी कारण विचारलं तेव्हा त्यांना भोवऱ्याची गोष्ट सांगितली. एक जण हसला, एक जण गप्प झाला, आणि एकाने बादशहाच्या गोष्टीचं पुस्तक वाचायला मागितलं.

मागच्या महिन्यात पुन्हा एक स्थळ आलं. स्टुडिओवाल्याने ताईचा रंग दोन शेड उजळ करून दिलेला जुना फोटो बाबा पाठवणार होते. ताईने तो डिलीट केला आणि गच्चीवर भर उन्हात मलाच फोटो काढायला लावला. मी काढला. चांगला आलाय. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.